बर्फ हटविणारी यंत्रे आणि आपली मुले



नांदेड-लातूरच्या माणसाला बर्फाविषयी काही सांगायला बसणे म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी विकण्यासारखे आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, लग्नाच्या मांडवात पाण्याच्या टाकीत टाकलेल्या लादीचा, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आभाळातून पडणारा बर्फ आपण पाहतो तो फक्त गारपिटीचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट कोणी विसरलेले नाही. शिवारे पांढरी झाली, हाताशी आलेली ज्वारी-गहू आडवे झाले, पाखरे मरून पडली. पण त्या गाराही दुसऱ्या दिवशीच्या उन्हात विरघळून गेल्या. रस्त्यावरच्या गारा काढायला कोणाला यंत्र आणावे लागले नाही.

आता अशी कल्पना करा की त्या गारा विरघळल्याच नाहीत. उलट दररोज नव्या पडत गेल्या, त्यांचा थर घरावरून गेला आणि लातूर-नांदेड रस्ता पाच महिने त्याखाली गाडला गेला. दवाखाना नाही, रेशन नाही, एस.टी. नाही. आपल्याच देशाच्या उत्तरेच्या डोंगरात माणसे पिढ्यान्‌पिढ्या असे हिवाळे काढीत आली आहेत. तो रस्ता मोकळा करणारी यंत्रे कोणती, ती चालवतो कोण, आणि त्या आसनावर आपल्या वस्तीतला मुलगा बसू शकतो की नाही, हा या वेळचा विषय आहे. तो दूरचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

रस्ता म्हणजे श्वास

काश्मीरमधून लडाखला जाणारा रस्ता झोजी ला या साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीतून जातो. 'ला' म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. मनालीहून लेहला जाणारा दुसरा रस्ता पूर्वी १३,०५० फुटांवरच्या रोहतांग खिंडीतूनच जात असे. लेहच्या पलीकडची खारदुंग ला तर साडेसतरा हजार फुटांवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसुबाई, तेही साडेपाच हजार फुटांच्या आतच आहे. यावरून अंदाज करावा.

ही वाट बंद झाली की धान्य, रॉकेल, औषध, भाजी सगळे अडते. म्हणून तिकडे उन्हाळ्यातच हिवाळ्याची बेगमी करून ठेवतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा त्या गाडीची लातूरकरांनी कशी वाट पाहिली हे आठवावे. डोंगरातला माणूस वसंतात पहिल्या ट्रकची वाट तशीच पाहत असतो.

हे रस्ते बांधणे आणि उघडे ठेवणे हे काम सीमा सडक संघटनेचे आहे. ७ मे १९६० रोजी ती स्थापन झाली. लडाखात 'हिमांक', काश्मिरात 'बीकन', हिमाचलात 'दीपक', उत्तराखंडात 'शिवालिक' अशा नावांनी तिचे विभाग काम करतात. या कामाने किती फरक पडला ते झोजी लाच्या आकड्यांतच दिसते. पूर्वी ही खिंड पाच-सहा महिने बंद राही. २०२३ मध्ये ती ६८ दिवसांत उघडली आणि २०२५ मध्ये अवघ्या ३२ दिवसांत. रोहतांगखालून ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा काढून तो ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीला खुला केला, त्यामुळे त्या खिंडीचे संकट बरेच टळले. तरी बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी आणि पुढच्या खिंडींत बर्फ पडायचा तो पडतोच.

मळणी यंत्राचा भाऊ

आता यंत्रांकडे वळू. पहिले यंत्र आपल्या ओळखीचे आहे. पट्ट्याचा डोझर. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, जवळपास १०,००० माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, तेव्हा ढिगारे उपसायला लष्कर आले, मोठी यंत्रे आली. आता तर तळे असो, रस्ता असो, डोझर, पोकलेन आणि जेसीबी आपल्या पोरांच्या तोंडपाठ झाले आहेत. डोंगरात डोझरचे काम सर्वांत जोखमीचे असते. कड्यावरून कोसळलेल्या बर्फात दगड असतात, मोडलेली झाडे असतात, आणि तो दाबून दाबून सिमेंटसारखा घट्ट झालेला असतो. तिथे नाजूक यंत्राची पाती तुटून जातात. म्हणून आधी डोझर घुसतो, ढिगारा फोडतो आणि दरीत लोटतो. देशात हे डोझर बनविणारा बी.ई.एम.एल. हा सरकारी कारखाना १९६४ साली सुरू झाला.

दुसरे यंत्र आपल्याला नवे आहे. बर्फ कापणारे, म्हणजे स्नो-कटर. पुढे लोखंडी पेटी, पेटीत मळसूत्रासारखी फिरणारी पाती, पात्यांच्या मागे जोरदार पंखा आणि वर वळवता येणारे नळकांडे. पाती बर्फ कापून मध्यभागी ओढतात, पंखा तो उचलतो आणि नळकांड्यातून दूर भिरकावून देतो. वाचताना काही आठवले का? सोयाबीनच्या राशीवर चालणारे मळणी यंत्र! एका बाजूने पेंढी घालावी आणि दुसरीकडून भुसकट उडावे, तसेच हे. हे साम्य योगायोगाचे नाही. कॅनडात माँट्रियलजवळच्या शेतकरी कुटुंबातील आर्थर सिकार्ड या माणसाला शेतातले मळणी यंत्र पाहूनच ही कल्पना सुचली असे सांगतात. १९२५ साली त्याने मोटारीवर बसविलेले पहिले यंत्र तयार केले आणि १९२७ साली पहिले विकले. मोठे शोध मोठ्या घरातच लागतात असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तिसरे यंत्र म्हणजे ग्रेडर. लांब तिरक्या पात्याने तो रस्त्यावरचा उरलेला पातळ थर खरवडतो. हा थर दिसायला किरकोळ, पण सर्वांत घातकी. वाहनांच्या चाकाखाली दबून तो काचेसारखा होतो आणि डांबराच्या रंगात मिसळून जातो. ट्रकचा ब्रेक दाबला की ट्रक थांबत नाही, फिरतो. म्हणून चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात, रस्त्यावर रेती पसरतात.

कित्येक देशांत रेतीबरोबर मीठही टाकतात. मिठाने बर्फ कसा वितळतो हे आपल्या बायामाणसांना कळायला वेळ लागणार नाही. घरी आइस्क्रीमचे भांडे फिरवताना भोवतीच्या बर्फात खडे मीठ टाकतात ना? मीठ लागले की पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याहून खाली गेल्यावर गोठते. पण याला मर्यादा आहे. उणे ९-१० अंशांच्या खाली साधे मीठ फारसे काम देत नाही आणि उणे २१ च्या खाली मुळीच नाही. द्रास-लडाखचा हिवाळा त्याच्याही खाली उतरतो. शिवाय मिठाने गाड्यांचे पत्रे आणि पुलांचे लोखंड गंजते. तेव्हा तिथे भरवसा रेतीवर आणि पात्यावर.

यंत्रालाही थंडी वाजते

यंत्र लोखंडाचे म्हणून त्याला थंडी बाधत नाही असे नाही. कडक थंडीत डिझेलमधले मेण साखळते आणि नळीत अडकते, जसे आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते. लडाखात पूर्वी या एका कारणाने गाड्या सकाळी हलत नसत. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे हिवाळी डिझेल २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी आणले, तेव्हा ही अडचण कमी झाली.

दुसरी अडचण हवेची. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब आपल्याकडच्या निम्माच असतो. माणसाला दम लागतो तसा इंजिनालाही लागतो. पुरेशी हवा न मिळाल्याने डिझेल नीट जळत नाही आणि ताकद घटते. म्हणून अशा ठिकाणी हवा दाबून आत ढकलणारी टर्बो इंजिने हवीत. बकेट उचलणारे तेल थंडीने घट्ट होते, बॅटरी मान टाकते. उघड्या हाताने लोखंडाला धरले तर कातडी चिकटते. म्हणून चांगला ऑपरेटर तो, जो यंत्र चालवतो इतकेच नव्हे तर यंत्राचे दुखणे ओळखतो.

आणि रस्ता कुठे आहे हे तरी कोणाला दिसते? सगळीकडे एकसारखे पांढरे. दोन्ही कडांना आधीच रोवलेले खांब, उपग्रहावरून जागा दाखविणारे यंत्र, आणि खाली उभा राहून हाताने खुणा करणारा सोबती, एवढ्या आधारावर डोझर पुढे सरकतो. एका अंगाला बर्फाची भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. वर कड्यावर बर्फ सुटतोय का, यावर नजर ठेवायला वेगळा माणूस लागतो.

लिव्हरवर कोण, फावड्यावर कोण

आता मुद्द्यावर येतो. या कामावर दोन प्रकारची माणसे आहेत. एक, सीमा सडक संघटनेच्या कायम सेवेतली, म्हणजे ग्रेफची. त्यांना पगार आहे, रजा आहे, दवाखाना आहे. त्यांना लष्करी शिस्त लागू आहे आणि त्यामुळे कामगार संघटना बांधण्याचा हक्क नाही, हे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही ती सरकारी नोकरी आहे. दुसरा प्रकार रोजंदारीवरच्या मजुरांचा. यांत झारखंडच्या दुमका भागातले आदिवासी मोठ्या संख्येने असतात. टाळेबंदीनंतर २०२० च्या जूनमध्ये दुमकाहून खास रेल्वेने हे मजूर लडाखकडे रवाना झाले होते. दगड फोडणे, गटार काढणे, यंत्राला न पोहोचणाऱ्या जागचा बर्फ फावड्याने ओढणे ही कामे त्यांची.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या तळावर बर्फाचा कडा कोसळला. ५४ मजूर गाडले गेले. ४६ जणांना वाचविण्यात आले, ८ जण दगावले. बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, उत्तराखंड अशा ठिकाणची ती गरिबांची लेकरे होती. पोटासाठी घर सोडणे म्हणजे काय हे ऊसतोडीला जाणाऱ्या, पुण्या-मुंबईच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. माणाच्या बातमीत आपलीच माणसे आपल्याला दिसली पाहिजेत.

आपल्या आईबापांनीही रस्तेच केले आहेत. १९७२ च्या दुष्काळात नांदेड-लातूरच्या कितीतरी रस्त्यांची खडी आपल्या आयाबहिणींनी फोडली. डोक्यावर घमेले, झाडाखाली झोळीत तान्हे मूल आणि दुपारी सुकडी. पुढे रोजगार हमीवरही तेच. हातोडी आपली, टोपले आपले आणि हजेरी दुसऱ्याच्या हाती. यंत्र आले तेव्हा काहींनी यंत्रालाच दोष दिला, की याने गरिबाच्या तोंडचा घास काढला.

बाबासाहेबांचे मत याबाबत स्वच्छ होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून विश्रांती आणि विद्येचा अवसर द्यायचा असेल तर यंत्र हवे, आणि यंत्राचा लाभ सर्वांना मिळत नसेल तर दोष यंत्राचा नाही, समाजाच्या रचनेचा आहे. यंत्र मोडू नका, रचना बदला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात काम केलेल्या माणसाचे हे मत आहे. ज्याची आई टोपले वाहत होती त्याच्या हाती लिव्हर आला, तर रचना थोडी तरी हलली असे आम्ही समजतो.

पण आज आपल्या वस्त्यांत काय दिसते? दहावीनंतर पोरगा जेसीबीवर हेल्पर म्हणून लागतो. ग्रीस मारतो, डिझेल आणतो, रात्री यंत्राखालीच झोपतो. दोन-तीन वर्षांत हात बसतो आणि तो मालकाच्या जिवावर यंत्र चालवू लागतो. पण परवाना नाही, अनुभवाचा कागद नाही, विमा नाही. कौशल्य अंगात आहे, पण कागदावर काहीच नाही. मालकाने हाकलले की पोरगा पुन्हा नाक्यावर. हे थांबले पाहिजे.

कागद नीट करा

आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागदाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, ग्रेफचे भरती केंद्र आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याला दिघी कॅम्पमध्ये आहे. सबंध देशातली मुले परीक्षेसाठी तिथे येतात आणि आपल्या लातूर-नांदेडहून पुणे एका रात्रीच्या प्रवासावर आहे! यंत्रचालक, वाहनचालक, वाहन मेकॅनिक अशा जागा निघतात. लेखी, शारीरिक आणि कामाची प्रत्यक्ष चाचणी होते. शिक्षण, वय, अनुभव यांच्या अटी प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात, त्या स्वतः वाचाव्यात. ऐकीव माहितीवर अर्ज करू नये.

दुसरी, परवाना. अवजड वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना काढून एक वर्ष झालेले असावे लागते. म्हणजे अठराव्या वर्षीच पहिला परवाना काढला तर पुढची वाट वेळेवर मोकळी होते. नांदेडला आणि लातूरला शासकीय आय.टी.आय. आहे. तिथला डिझेल मेकॅनिकसारखा अभ्यासक्रम करून मग यंत्रावर बसलेला मुलगा आणि नुसता हात बसलेला मुलगा, यांत उद्या मोठा फरक पडतो.

तिसरी, जातीचे प्रमाणपत्र. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाव्यात यासाठी १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्यामागे मोठा लढा आहे. पण केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यातला कागद घेऊन गेलेला मुलगा ऐन तपासणीच्या दिवशी दारातून परत येतो. लढून मिळविलेला हक्क एका कागदापायी गमावू नये. जाहिरात निघायच्या आधीच तहसिलीतून हे प्रमाणपत्र करून ठेवावे.

चौथी, दलाल. 'साहेबांशी ओळख आहे, इतके लाख द्या' असे सांगत फिरणाऱ्याला दारात उभे करू नये. आईचे मंगळसूत्र आणि बापाचा प्रॉव्हिडंट फंड त्याच्या घशात गेलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत. अर्जाची फी भरावी लागते ती तेवढीच.

मुलींसाठी आणि आयांसाठी

ग्रेफच्या या जागांच्या जाहिराती आजवर बहुतेक पुरुषांसाठीच निघत आल्या आहेत. पण अभियंता अधिकाऱ्यांचा दरवाजा मुलींना उघडा आहे आणि त्यातून आत गेलेली पहिलीच्या मानाची बाई आपल्या महाराष्ट्राची आहे. वर्ध्याच्या वैशाली हिवसे यांनी एम.टेक. केले, कारगिलच्या खडतर भागात नोकरी केली, आणि २८ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडात चीनच्या सीमेकडे जाणाऱ्या मुनस्यारी-मिलम रस्त्यावर ८३ व्या रस्ता बांधणी कंपनीची सूत्रे हाती घेतली. सीमा सडक संघटनेत असे प्रमुखपद मिळविणारी ती पहिली स्त्री. डोझर, ग्रेडर, त्यावरचे पुरुष ऑपरेटर सगळे तिच्या हुकमाखाली. हे पद केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून गाठता येते. मुलगी गणितात हुशार असेल तर तिला बारावीनंतर घरी बसवण्याआधी हे नाव तिला सांगा.

आयांची काळजी आम्ही समजतो. इतक्या लांब, इतक्या थंडीत, मुलाला पाठवायचे? धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. वर माणाची हकिगत मुद्दामच दिली आहे. पण धोका तर उघड्या ट्रॉलीत बसून ऊसतोडीला जाण्यातही आहे, गटारात उतरण्यातही आहे, आणि तिथे मागे राहणाऱ्या कुटुंबाला कोणी विचारत नाही. उंचीवर नेण्यापूर्वी काही दिवस खालीच थांबवून शरीराला विरळ हवेची सवय करून द्यावी लागते. डोकेदुखी, खोकला, धाप लागली तर ते लपवून ठेवायचे नसते, लगेच सांगून खाली उतरायचे असते. हा नियम पाळणारा माणूस सुखरूप घरी येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. दारूने कातडीला ऊब वाटते आणि आतले शरीर गार पडते. हे मुलाला निघण्यापूर्वी बजावून सांगा.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आपल्या गावावरून रोज उत्तरेकडे धावते. त्या गाडीतून आपली मुले आजवर मजुरीला गेली असतील, यात्रेला गेली असतील. यापुढे त्यांतला एखादा तरी खिशात परवाना आणि नेमणुकीचा कागद घेऊन जावा. झोजी लावर वसंतात पहिला ट्रक पलीकडे उतरेल तेव्हा त्याच्या पुढे चालणारा डोझर लातूर जिल्ह्यातल्या किंवा नांदेड जिल्ह्यातल्या कोणीतरी चालवीत असावा. त्यासाठी आजच्या आज करण्यासारखे काम एवढेच: घरात अठरा वर्षांचा मुलगा असेल, तर त्याला या आठवड्यात आर.टी.ओ. कचेरीत पाठवा आणि तहसिलीत स्वतः त्याच्याबरोबर जा.